आश्विनातली उल्हास

शेलूला नदीच्या पात्रात एका सपाट कातळावर आम्ही दोघी मैत्रिणी बसलो होतो. कोजागिरी होऊन गेली होती, दिवाळी अजून यायची होती आणि आभाळात ढगाचा ठिपकाही नव्हता. थोड्या अंतरावर एक बाई कपडे धूत होत्या. मध्येच त्यांनी हात थांबवला, पिळून ठेवलेले कपडे उचलून वरच्या खडकावर नेऊन ठेवले आणि आमच्याकडे वळून म्हणाल्या, “ताई, चपला वर घ्या. पाणी चढतंय.” मी नकळत आभाळाकडे पाहिले. त्या हसल्या. “पावसाचं नाय ओ. टाटाचं सुटलं आसंल.” एवढे बोलून त्या पुन्हा धुण्याला लागल्या. आमच्या पायांशी दोन दगडांच्या मधली वाळू तोवर कोरडी होती. पाहता पाहता ती ओली झाली, मग तिच्यावर पाण्याचा पातळ पापुद्रा आला आणि वाळूवरची एक वाळलेली काडी हलकेच उचलली जाऊन वाहू लागली. चपला मी वर घेतल्या. ते वाक्य मात्र दिवसभर माझ्याबरोबर चालत राहिले, आणि घरी आल्यावरही कितीतरी दिवस ते मनातून गेले नाही.

डोंबिवलीहून सकाळी कर्जतकडे जाणारी गाडी धरण्यात एक वेगळेच सुख आहे. समोरच्या फलाटावर मुंबईकडे जाणाऱ्यांची दाटी असते, आणि आपल्या गाडीत खिडकीची जागा सहज मिळते. बदलापूरपर्यंत इमारती काही संपत नाहीत. दरवर्षी त्या एकेक शेत पुढे सरकल्यासारख्या वाटतात. बदलापूर सुटले की मात्र डावी-उजवी बाजू मोकळी होते, एका अंगाला चंदेरीचा सुळका आणि त्याच्या पुढे माथेरानची लांबलचक सपाटी दिसू लागते, दुसऱ्या अंगाला, बऱ्याच दूर, सह्याद्रीची निळी भिंत. या दोन डोंगरांच्या मधल्या खोऱ्यातून उल्हास वाहते. गाडीतून ती अधूनमधून दिसते, झाडीआड जाते, पुन्हा दिसते. आम्ही शेलूला उतरतो. मोठे स्टेशन नाही, उतरणारी माणसे थोडी, आणि नदी चालत जाण्याच्या अंतरावर. नदीकाठी फिरायला म्हणून कुणी खास आखलेला रस्ता तिथे नाही. शेताच्या बांधावरून, गुरांच्या पायवाटेने, कुठे पात्रातल्या कातळांवरून, असेच जावे लागते, आणि मला ते तसेच आवडते.

पावसाळ्यात या नदीजवळ जाऊ नये, आणि उन्हाळ्यात ऊन जाऊ देत नाही. थंडीचे दिवस सुंदर असतात, पण तोवर शेते रिकामी झालेली असतात. आश्विन-कार्तिकातला महिना-सव्वा महिनाच असा असतो, की नदी भरलेली असते आणि तरी तिचा तळ दिसतो. आषाढ-श्रावणात डोंगरावरची सगळी तांबडी माती घेऊन येणारे हे पाणी आता रिकाम्या हाताने येते. माझी आजी म्हणायची, अगस्तीचा तारा उगवला की पाणी नितळते. भाद्रपदातल्या एखाद्या पहाटे ती आम्हाला दक्षिणेकडे क्षितिजालगतचा तो तारा दाखवायची, आणि ओढ्यात जाऊन पाहा म्हणायची. पाऊस ओसरला, माती धुपायची थांबली आणि गाळ खाली बसला, हे कारण मी पुढे शिकले. पण आजही आश्विनातल्या पाण्यात पायाची नखे स्पष्ट दिसली की मला आधी अगस्ती आठवतो.

ऑक्टोबरच्या उन्हाला आपण नावे ठेवतो, आणि दुपारी बारानंतर ते त्या नावांना पात्रही असते. पण सकाळी आठ-साडेआठला नदीकाठचे ऊन तिरपे येते, गवताच्या प्रत्येक पात्यावरच्या दवातून येते, आणि त्याला वास असतो. भात कापल्यावर खोडांतून येणारा ओलसर, थोडा गोडसर वास, खडकांवर वाळत चाललेल्या शेवाळाचा उग्र वास, आणि कुठेतरी पेटवलेल्या चुलीचा धूर, हे तिन्ही एकत्र आले की मला डोळे मिटूनही महिना सांगता येईल. बांधावर कुर्डूचे पांढरे-गुलाबी तुरे उभे असतात. काठावरच्या कासाला पांढरी फुले आलेली असतात आणि वारा आला की ती सगळीच्या सगळी एका बाजूला लवतात. शेतात विळ्यांचा खसखस आवाज चाललेला असतो. कापलेल्या भाताचे कडपे ओळीने वाळत घातलेले असतात, आणि त्यांच्यामधून चालताना आपण कुणाच्या घरात न विचारता शिरलो आहोत असे वाटून पाय आपोआप जपून पडतात.

पात्रातल्या कातळांवर शेरणीची झुडपे असतात. त्यांच्याकडे कुणी मुद्दाम पाहत नाही, कारण त्यांना नजरेत भरणारे फूल नाही. मी मात्र दरवर्षी त्यांच्यापाशी थांबते. पुराचे अख्खे चार महिने हे झुडूप पाण्याखाली असते. पाणी त्याला झोपवते, वरून दगड-गोटे जातात, आणि आश्विनात ते पुन्हा उभे राहते. उभे राहिले तरी त्याच्या सगळ्या फांद्या प्रवाहाच्या दिशेनेच कललेल्या असतात. यंदा मी एक फांदी हातात धरून पाहिली. बोटाएवढी जाड, पण चिवट. वाकवली की वाकते, सोडली की परत जाते. तिच्या बेचक्यात पुराने आणलेला पेंढा, एक निळी प्लॅस्टिकची चिंधी, बाभळीचा काटा आणि कसल्या तरी शेंगेचे टरफल इतके घट्ट विणले गेले होते, की ते मला बोटांनी सोडवता आले नाही. वर पाहिले तर काठावरच्या करंजाच्या फांदीलाही तसाच पेंढा अडकलेला होता, आणि ती फांदी माझ्या डोक्याच्या पुष्कळ वर होती.

त्या फांदीखाली उभे राहून मला २०१९ चा जुलै आठवला. २७ जुलैला, इथून जवळच, बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस उल्हासच्या पुरात अडकली होती. हजाराहून अधिक प्रवासी रात्रभर डब्यांत बसून होते आणि दिवस उजाडल्यावर त्यांना होड्यांतून बाहेर काढले गेले. दूरचित्रवाणीवर ते दृश्य पाहताना आमच्या घरात सगळे गप्प बसले होते, कारण त्या रुळांवरून आमच्यापैकी प्रत्येक जण कितीतरी वेळा गेला होता. त्या दिवशीची नदी आणि आता माझ्या घोट्याभोवती खळखळणारी ही नदी एकच आहे, यावर मनाचा विश्वास बसायला वेळ लागतो. करड्या-पिवळ्या रंगाचा एक धोबी पक्षी शेपटी वरखाली करत समोरच्या दगडावरून धावत होता. हिमालयातून किंवा त्याच्याही पलीकडून येऊन तो नुकताच इथे उतरलेला असणार. पाण्यावर पिवळसर चतुरांचा थवा तरंगत होता; या दिवसांत भटके चतुर वाऱ्यावर स्वार होऊन समुद्र ओलांडतात आणि मालदीववरून पूर्व आफ्रिकेपर्यंत पोहोचतात, असे अभ्यासक मानतात. कुणी येत होते, कुणी निघाले होते, आणि मुंबईपासून दोन तासांच्या आत असलेल्या या जागेचा त्या सगळ्यांच्या प्रवासात काही वाटा होता.

पण मी त्या बाईंच्या वाक्यापाशी परत येते.

टाटाचे पाणी म्हणजे भिवपुरीच्या वीजकेंद्राचे पाणी. सह्याद्रीच्या माथ्यापलीकडे, मावळात, आंद्रा नदीवर ठोकरवाडीचे धरण आहे. तिथे साठलेले पाणी डोंगराच्या पोटातून आणि मग मोठमोठ्या नळांमधून कड्याखाली आणले जाते, भिवपुरीला त्यावर वीज तयार होते, आणि काम झालेले पाणी पेज नदीत सोडले जाते. १९२२ पासून हे चालू आहे. पेज पुढे उल्हासला मिळते. एरवी कोकणातल्या या आकाराच्या नद्या माघ-फाल्गुनात डबक्यांपुरत्या उरतात. पेज आणि तिच्यापुढची उल्हास मात्र बारमाही आहेत, त्या या पाण्यामुळे. कर्जत तालुक्यात राजनाल्याच्या कालव्यावर लोक उन्हाळी भात घेतात, तेही याच पाण्यावर. वीजकेंद्र बंद राहिले तर पेजेचे पात्र उघडे पडते. म्हणजे पाऊस थांबल्यानंतर शेलूच्या या कातळावर पाणी चढते की उतरते, हे पुष्कळ अंशी मुंबईत विजेची गरज केव्हा किती आहे यावर ठरते. तिकडे कार्यालयांत आणि घरांत बटणे दाबली जातात, आणि इथे एक बाई कपड्यांचा ढीग वरच्या खडकावर नेऊन ठेवते.

हे मला ठाऊक नव्हते असे नाही. उलट, आमच्या घरात ते दोन पिढ्या ठाऊक होते. माझे आजोळ आंदर मावळातले, ठोकरवाडीच्या तलावाच्या वरच्या अंगाचे. मे महिन्याच्या सुटीत आम्ही मुले त्या पाण्याच्या काठाने करवंदे शोधत हिंडायचो. आजोबा सांगायचे, की त्यांच्या तरुणपणी ते कुसूर घाटाने चालत खाली भिवपुरीला उतरायचे आणि पुढे कर्जतला जाऊन गाडी धरायचे. डोक्यावर तांदळाचे गाठोडे, हातात काठी. त्या घाटाच्या माथ्यावरून खाली कोकण कसे दिसते, याचे त्यांचे वर्णन मला अजून पाठ आहे: खाली सगळे हिरवे, आणि मधून एक चकाकती रेघ. ती रेघ पेज होती. आजोबांच्या अंगणात पडलेला पाऊस तलावात जायचा, तलावातून डोंगराच्या पोटात शिरायचा आणि घाटाखाली त्या रेघेत निघायचा. माणसे डोंगरावरून उतरत होती आणि पाणी डोंगराच्या आतून. दोघांचे ठिकाण एकच होते, मुंबई.

हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. तरीही माझ्या पायांशी ती कोरडी वाळू भिजताना पाहीपर्यंत, हे पाणी म्हणजे आपल्या आजोळचे पाणी, असे माझ्या मनात कधी आले नव्हते. ते आले तेव्हा मला इतका आनंद झाला, की मैत्रिणीला तो नीट सांगता येईना. मी वाकून ओंजळभर पाणी घेतले. ते बऱ्यापैकी गार होते, भोवतालच्या उन्हाच्या मानाने जरा जास्तच गार. ते वरून, तलावाच्या खोल पाण्यातून आल्यामुळे तसे असेल का, असे मला वाटून गेले. तसे वाटावे ही माझी इच्छाही असेल.

आनंदाच्या मागोमाग दुसरेही काही आले. हे पाणी मुळात इकडे यायचे नव्हते. आंद्रा ही इंद्रायणीला मिळणारी नदी. तिला तिच्या वाटेने जाऊ दिले असते, तर तिचे सगळे पाणी देहूच्या घाटावरून, आळंदीवरून, पुढे भीमेतून पंढरपूरला आणि शेवटी कृष्णेतून पूर्वेच्या समुद्राला गेले असते. आता कार्तिकी तोंडावर आली होती. थोड्याच दिवसांत पंढरपूरला आणि मग आळंदीला यात्रा भरणार होती, आणि त्या वाटेवरचे काही पाणी इथे, शेलूच्या कातळांवरून अरबी समुद्राकडे निघाले होते. भीमेच्या खोऱ्यातल्या दुष्काळी भागांतून, धरणांतले हे पाणी पुन्हा पूर्वेला द्यावे, अशी मागणी अनेकदा झाली आहे. ती मागणी मला कळते. सोलापूरकडच्या एखाद्या बाईला पाण्याचा टँकर केव्हा येणार याची वाट पाहावी लागत असेल, तर मला इथे ओंजळीतल्या पाण्याचे कौतुक करताना संकोच वाटायला हवा, आणि तो वाटतो. पण त्याच वेळी पेजेच्या काठची उन्हाळी भाताची खाचरेही डोळ्यांसमोर येतात, आणि माझ्या स्वतःच्या घरातला नळही. शंभर वर्षे वळलेले पाणी आता इकडच्याही लाखो माणसांच्या जगण्याचा भाग झाले आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि त्यांचा निवाडा मला नदीत पाय सोडून बसल्या बसल्या करता येणार नव्हता.

डोंगराच्या दोन बाजू किती वेगळ्या असतात, हे आणखी एका गोष्टीने त्या दिवशी लक्षात आले. परतताना एका खळ्याजवळ आम्ही सावलीला थांबलो. भाताचे भारे आणून उडवी रचण्याचे काम चालले होते. घरातले म्हातारे गृहस्थ सारखे पूर्वेकडे, सह्याद्रीच्या माथ्याकडे पाहत होते. दुपारी तिकडे ढग जमतात आणि संध्याकाळी गडगडाट करत खाली येतात, तेव्हा कापलेले भात आधी आत न्यायला हवे, असे त्यांनी सांगितले. मला आजोबांची म्हण आठवली, ‘पडतील स्वाती, तर पिकतील माणिकमोती.’ देशावर स्वातीचा पाऊस पडला की रब्बीच्या ज्वारीला जीव येतो, म्हणून तिकडे त्या पावसाकडे डोळे लागलेले असतात. इकडे तोच पाऊस कडप्यांवर पडला तर दाणे जागेवर रुजून कोंब फुटतात आणि वर्षाचे अन्न मातीत जाते. ढग एकच, डोंगर एकच, आणि अलीकडची प्रार्थना पलीकडच्या प्रार्थनेच्या नेमकी उलट. मावळ मध्यावर असल्यामुळे असेल, पण आजोबांच्या तोंडी ती म्हण असली तरी त्यांची नजर मात्र या गृहस्थांसारखीच ढगांवर असायची. भाताची त्यांची खाचरेही त्याच सुमारास कापणीला आलेली असायची.

नदीकाठाने खाली, बदलापूरच्या दिशेने चालत गेले तर आश्विनाचे हे सुख हळूहळू कमी होत जाते, आणि त्याबद्दल न लिहिणे मला बरे वाटत नाही. शेलूला नितळ असलेली नदी पुढे अनेक शहरांना पाणी देते: बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण-डोंबिवली, आणि शहाडहून पुढे ठाणे, भिवंडी, मीरा-भाईंदरपर्यंत. त्या बदल्यात तिच्यात गावांचे सांडपाणी येते. थंडी संपता संपता कल्याणजवळ मोहन्याच्या बाजूला पाण्यावर जलपर्णीचा हिरवा थर पसरतो. कल्याणपाशी तिच्या खाडीला येऊन मिळणारी वालधुनी तर कारखान्यांच्या रसायनांनी इतकी वर्षे भरली जात राहिली, की तिला नदी म्हणायचे हेच नव्या पिढीला सांगावे लागते. त्याच वालधुनीच्या काठी अंबरनाथचे शिवमंदिर आहे. शिलाहारांच्या काळात, १०६० मध्ये ते बांधले गेले, तेव्हा पाणी पाहूनच ती जागा निवडली असणार. त्या मंदिराच्या दगडी हत्तींवरून हात फिरवून बाहेर यावे आणि नाकाला रुमाल लावावा लागावा, याचे दुःख मला कधीच सवयीचे झालेले नाही. आमच्या घरी नळाला पाणी येते ते उल्हासचे. सकाळी तांब्या भरताना आता मला शेलूचा तो कातळ दिसतो, आणि त्याच्यानंतर मोहन्याची जलपर्णीही.

मुंबई-ठाण्याच्या माणसांनी आश्विनात एकदा तरी या काठाने चालावे, असे मला मनापासून वाटते. तिथे चहाचे दुकान शोधत जाऊ नये, गाणी लावू नयेत, कचरा तर टाकूच नये. बरोबर थालीपीठ आणि लोणी न्यावे, नेरळच्या फलाटावर ठाकर बायका काकड्या घेऊन बसल्या असतील तर त्या घ्याव्यात, आणि पाण्यात पाय सोडून थोडा वेळ गप्प बसावे. आपण काय पितो आणि कशाच्या जिवावर दिवे लावतो, ते तिथे वाहताना दिसते. शेतातून जाताना कडप्यांवर पाय देऊ नये, कुणी काम करत असेल तर दोन शब्द बोलावेत. लोक आनंदाने बोलतात. नदीविषयी जे कळायचे ते मला बहुतेक त्यांच्याकडूनच कळले आहे.

घरी येऊन मी आईला सगळे सांगितले. तिचे वय आता ऐंशीच्या पुढे आहे आणि गुडघे साथ देत नाहीत. टाटाचे पाणी सुटल्यावर वाळू भिजली, हे ऐकताना ती मध्येच म्हणाली, “आमच्या वेळी तळ्याची पातळी रातोरात खाली गेलेली दिसायची. सकाळी काठाला ओला पट्टा असायचा. तुझी आजी म्हणायची, मुंबईला दिवाळी असेल.” मग थोडा वेळ ती काही बोलली नाही. तिने तो तलाव आयुष्यभर वरून पाहिला होता. बापाबरोबर कुसूर घाट उतरायची तिला कधी परवानगी मिळाली नाही, आणि पुढे पुण्याहून गाडीने यायची सवय झाल्यावर भिवपुरीकडे वळण्याचे कारणही उरले नाही. पाणी जिथे बाहेर येते ती बाजू तिने पाहिलेलीच नाही.

आता ती विचारते आहे, की कर्जतला उतरून पेजेच्या काठापर्यंत रिक्षा जाते का, आणि तिथे बसायला काही आहे का. रिक्षा जाते, हे मी चौकशी करून ठेवले आहे. बसायला घरातली घडीची खुर्ची नेऊ. कार्तिक संपायच्या आत जायचे आहे, कारण नंतर सकाळची थंडी तिला सोसत नाही, आणि दुपारच्या उन्हात तिला न्यायला मी तयार नाही.